उपग्रह इंटरनेटसाठी स्पेक्ट्रमचा सहवापर : नियमांची फेररचना आणि कोकण किनारपट्टी

उपग्रहांद्वारे इंटरनेट देणाऱ्या अनेक यंत्रणांनी एकाच वारंवारता-पट्ट्यात आणि एकाच भूभागावर, परस्परांच्या सेवेत घातक व्यत्यय न आणता काम करावे यासाठी घातलेल्या तांत्रिक व कायदेशीर बंधनांना स्पेक्ट्रम-सहवापराचे (म्हणजे रेडिओ वारंवारतांच्या सामायिक वापराचे) नियम म्हणतात. मोबाइल सेवेत एखादा पट्टा एका परिमंडळापुरता (दूरसंचार सेवेच्या एका विभागापुरता) एकाच कंपनीच्या स्वाधीन केला जातो. उपग्रहसेवेत मात्र जमिनीवरची डिश आकाशातील एका अरुंद दिशेकडूनच संदेश घेत असल्याने, दिशा वेगळ्या असल्या की तीच वारंवारता दोघांना वापरता येते. त्यामुळे येथे वाटणी वारंवारतेपेक्षा कोनांची आणि शक्तीची असते. प्रामुख्याने केयू (सुमारे १० ते १५ गिगाहर्ट्झ) आणि केए (सुमारे १७ ते ३० गिगाहर्ट्झ) या पट्ट्यांबाबत हा प्रश्न उद्भवतो.

वाद मुख्यतः दोन प्रकारच्या उपग्रहांमध्ये आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीवरून एका जागी स्थिर दिसतात. कोकणातील घरांच्या छपरांवरील डीटीएचच्या डिश आग्नेयेकडे तोंड करून कायमच्या बसवलेल्या असतात, त्या यामुळेच. दुसरा प्रकार निम्न कक्षेतील, म्हणजे पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहांचा : स्टारलिंकसारख्या जाळ्यांचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून, वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटरवरून जातात आणि काही मिनिटांतच दृष्टिआड होतात. असा उपग्रह जमिनीवरील डिश आणि भूस्थिर उपग्रह यांच्या सरळ रेषेत आला, की त्याचा जवळून येणारा संदेश दूरच्या क्षीण संदेशावर मात करू शकतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील २२ व्या अनुच्छेदानुसार निम्न कक्षेतील यंत्रणांनी भूस्थिर यंत्रणांना अस्वीकारार्ह व्यत्यय आणता कामा नये. हे तत्त्व आकड्यांत बसवण्यासाठी १९९७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने समतुल्य शक्तिप्रवाह-घनतेच्या, म्हणजे एका यंत्रणेच्या सर्व उपग्रहांकडून मिळून डिशपर्यंत पोहोचणाऱ्या व्यत्ययकारी शक्तीच्या, तात्पुरत्या मर्यादा ठरवल्या आणि २००० साली इस्तंबूल येथील परिषदेने त्यांना अंतिम रूप दिले. त्या वेळी डोळ्यांसमोर होते टेलिडेसिक आणि स्कायब्रिज हे निम्न कक्षेतील उपग्रह-जाळ्यांचे प्रकल्प, आणि त्यांपैकी एकाचीही व्यापारी सेवा सुरू झाली नाही. न आलेल्या यंत्रणांसाठी आखलेले आकडे आज हजारो उपग्रहांच्या जाळ्यांना लागू आहेत, हे नियमन-इतिहासातील एक विचित्र वळण म्हटले पाहिजे.

या मर्यादा पाळण्यासाठी निम्न कक्षेतील यंत्रणा भूस्थिर उपग्रहांच्या कमानीभोवतीचा (हे उपग्रह आकाशात ज्या वक्र रेषेवर दिसतात तिच्याभोवतीचा) आकाशाचा पट्टा टाळतात. या पथ्याची झळ सर्व अक्षांशांवर सारखी नसते. लंडनहून पाहता ही कमान दक्षिणेला सुमारे ३१ अंशांपेक्षा वर चढत नाही, म्हणून माथ्यावरचे आकाश मोकळे राहते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत तीच कमान सुमारे ६६ ते ७१ अंश उंचीवरून जाते, त्यामुळे सर्वोत्तम संपर्क देणाऱ्या माथ्यालगतच्या आकाशातीलच मोठा भाग वगळावा लागतो. शिवाय विषुववृत्ताशी ५३ अंशांच्या आसपास कललेल्या कक्षांतील उपग्रहांची दाटी ५३ अंश अक्षांशांजवळ अधिक आणि कोकणाच्या अक्षांशांवर विरळ असते. माड-पोफळीच्या बागांत वसलेल्या वाडीतून क्षितिजालगतचे आकाश दिसत नाही आणि माथ्यावरचा पट्टा नियमाने वर्ज्य ठरतो, तेव्हा दोहोंमध्ये उरणारी जागा फारच थोडी असते. भूस्थिर उपग्रहाच्या डिशला झाडांमधील एकच फट पुरते. फिरत्या जाळ्याला रुंद आकाश लागते.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये या मर्यादांच्या फेरविचाराचा प्रस्ताव मांडला. प्रक्षेपणाच्या शक्तीवर ठोकळ कमाल मर्यादा घालण्याऐवजी संरक्षित सेवेची वहनक्षमता (माहिती वाहून नेण्याचा वेग) प्रत्यक्षात किती घटते हे मोजावे, ही त्यात विचारार्थ मांडलेली पर्यायी पद्धत होती. निम्न कक्षेतील यंत्रणांच्या आपसातील वाटपासाठी आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्येच अशी कसोटी स्वीकारली होती : सरासरी वहनक्षमतेत ३ टक्क्यांपर्यंत घट आणि सेवा बंद राहण्याच्या काळात ०.४ टक्के-अंकांपर्यंत वाढ. जुन्या भूस्थिर सेवादारांचा आक्षेप असा, की अनेक जाळ्यांचा एकत्रित व्यत्यय या हिशेबात नीट पकडला जाणार नाही. तो आक्षेप हलका मानता येत नाही.

कोकणापुरता कळीचा मुद्दा पावसाचा आहे. किनाऱ्याच्या मोठ्या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. पावसाचे थेंब केयू पट्ट्यातील लहरी शोषतात व विखुरतात, केए पट्ट्यातील त्याहून अधिक. जोराच्या सरीत डीटीएचचे चित्र जाते ते याच कारणाने. व्यत्यय मूळ संदेशाच्याच दिशेने येत असेल तर तोही त्याच पावसातून क्षीण होतो. दुसऱ्या बाजूने येत असेल आणि तिकडे सर नसेल, तर क्षीण संदेशाला पूर्ण ताकदीच्या व्यत्ययाला तोंड द्यावे लागते. वहनक्षमतेवर आधारलेली कसोटी तत्त्वतः अधिक न्याय्य असली, तरी ती समशीतोष्ण प्रदेशांच्या पर्जन्यमानावर बेतली, तर आषाढातील किनाऱ्यावर तिचे निष्कर्ष फसवे ठरतील.

भारतात दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या पहिल्या अनुसूचीनुसार उपग्रहसेवांचे स्पेक्ट्रम लिलावाऐवजी प्रशासकीय पद्धतीने (सरकारने थेट नेमून) देण्याची तरतूद आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मे २०२५ मध्ये समायोजित सकल महसुलाच्या (काही वजावटींनंतर उरणाऱ्या एकूण महसुलाच्या) ४ टक्के आकार आणि निम्न व मध्यम कक्षांतील स्थिर सेवांसाठी प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अधिक आकार सुचवला. ग्रामीण ग्राहकांना त्यातून वगळण्यात आले असल्याने खाड्यांच्या काठच्या व सड्यांवरच्या गावांना तो भार पडू नये, अशी त्यामागील योजना दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वीज व मोबाइल सेवा कोलमडून श्रीवर्धन परिसराचा संपर्क तुटला होता, आणि अशा वेळी जमिनीवरील मनोऱ्यांवर अवलंबून नसलेल्या जोडणीचे मोल उघड आहे.

समुद्रावरील जहाजांसाठी २०१८ मध्ये विमान व सागरी संपर्क नियम करण्यात आले. हर्णै किंवा मिरकरवाड्याहून निघालेल्या ट्रॉलरवरील अँटेना सतत हेलकावत असल्याने ती भूस्थिर कमानीकडे अनवधानाने झुकणार नाही याची तांत्रिक हमी द्यावी लागते. किनाऱ्यावरील स्थिर डिशपेक्षा हे बंधन पाळणे कठीण व महाग असते. शक्ति-मर्यादांचा अभ्यास करण्याचे दुबईच्या २०२३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरले, मात्र त्यातून नियमावलीत थेट बदल होणार नाही अशी अटही घातली गेली. या अभ्यासाचे निष्कर्ष २०२७ च्या परिषदेपुढे यायचे आहेत.