पॉलिॲनिलीन

पॉलिॲनिलीन म्हणजे ॲनिलीनचे रेणू एकापुढे एक जोडून झालेलं पॉलिमर, आणि त्याची खासियत अशी की जातकुळीने प्लास्टिक असूनही ते वीज वाहून नेतं. दिसायला गडद हिरवी, जवळजवळ काळपट पावडर. वीज वाहणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमध्ये सगळ्यात स्वस्त, हवेत टिकणारं आणि कॉलेजच्या लॅबमध्येही बनवता येईल इतकं सोपं असं हेच. ह्याच्या विजेबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण कारखान्याच्या सांडपाण्यातलं क्रोमियम, हवेतला अमोनिया, गंजणारं लोखंड ह्या बाजूने फारच कमी, आणि खरं तर ह्या सगळ्यामागे गुण एकच आहे, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सहज घेणं आणि तितक्याच सहज परत देणं.

आधी रंग, मग वीज

पदार्थ तसा जुनाच. लंडनच्या हेन्री लेथबी ह्या रसायनतज्ज्ञाने १८६२ मध्ये ॲनिलीन गंधकाम्लात विरघळवून त्यातून वीज सोडली तेव्हा प्लॅटिनमच्या पट्टीवर निळसर हिरवा थर जमला, आणि त्याचा रंग बदलता येतो हेही त्याच्या लक्षात आलं. पुढच्याच वर्षी जॉन लाइटफूटने ॲनिलीनपासून सुती कापडावर पक्का काळा रंग चढवायचं पेटंट घेतलं. हा 'ॲनिलीन ब्लॅक' म्हणजे रसायनाच्या दृष्टीने पॉलिॲनिलीनचाच भाऊबंद, त्यामुळे लोक कित्येक वर्षं हे पॉलिमर अंगावर घालून हिंडत होते आणि ते वीज वाहू शकतं ह्याची कुणाला कल्पनाही नव्हती.

१९१० मध्ये ग्रीन आणि वुडहेड ह्या दोघांनी त्याच्या वेगवेगळ्या अवस्थांना नावं दिली, त्यातली तीन आजही रोज वापरात आहेत. पूर्ण रिड्यूस झालेली, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन बसलेली, ती ल्युकोएमराल्डिन, फिकट, जवळजवळ रंगहीन. अर्धी ऑक्सिडाइझ झालेली, म्हणजे काही इलेक्ट्रॉन दिलेली, ती एमराल्डिन. आणि पूर्ण ऑक्सिडाइझ झालेली ती परनिग्रॅनिलीन, जांभळट. ह्यातली मधली, एमराल्डिन, हीच कामाची. ती नुसती असली की निळी आणि जवळपास इन्सुलेटर, पण आम्लात बुडवली की हिरवी होते आणि वाहकता सेंटिमीटरला १०⁻¹⁰ सीमेन्सच्या (सीमेन्स हे वाहकतेचं एकक) आसपास होती ती १ ते ५ पर्यंत जाते, म्हणजे साधारण दहा अब्जपट वाढ. तांब्याच्या तुलनेत हे अजूनही लाखभर पटीने कमीच, पण प्लास्टिकसाठी अफाट.

१९६०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये जोझेफोविच, ब्युवे वगैरे मंडळींनी ह्या वाहकतेवर बरंच काम केलं होतं. त्याचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं, हे मला खटकतं.

मॅकडायर्मिड ह्याच्याकडे कसे वळले

ॲलन मॅकडायर्मिड न्यूझीलंडचे, जन्म १९२७, मास्टरटन गावचा. घरची परिस्थिती बेताची, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडून वेलिंग्टनच्या विद्यापीठात रसायन विभागात बाटल्या धुणं, झाडलोट करणं अशी अर्धवेळ नोकरी धरली आणि तिथेच शिकले. एम.एस्सी.ला विषय मिळाला सल्फर आणि नायट्रोजनच्या एका नारिंगी संयुगाचा, आणि गंमत म्हणजे वीसेक वर्षांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन हीगर ह्या भौतिकशास्त्रज्ञाला धातूसारखं वागणारं बिनधातूचं पॉलिमर हवं होतं तेव्हा हेच जुनं सल्फर-नायट्रोजन कामी आलं, सोनेरी चकाकीचे स्फटिक देणारं पॉलिसल्फर नायट्राइड. १९७५ मध्ये मॅकडायर्मिड ते सोनेरी नमुने घेऊन जपानला गेले तर तिथे हिदेकी शिराकावांनी चांदीसारखी चमकणारी पॉलिॲसिटिलीनची फिल्म दाखवली. मग शिराकावा पेनसिल्व्हेनियाला आले आणि २३ नोव्हेंबर १९७६ ला त्या फिल्मला ब्रोमीनची वाफ दिल्यावर वाहकता एक कोटीपट वाढली. ह्याच कामासाठी तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, ऑक्सिजन लागला की खराब व्हायला लागतं. नोबेल मिळवून देणारा पदार्थ बाजारात जाण्यासारखा नव्हता, म्हणून १९८०च्या दशकात मॅकडायर्मिड पॉलिॲनिलीनकडे वळले आणि त्यांच्या गटाने दाखवलेली मुख्य गोष्ट ही की इथे डोपिंग करायला, म्हणजे बाहेरचं काही देऊन वाहकता वाढवायला, इलेक्ट्रॉन काढावेही लागत नाहीत आणि घालावेही लागत नाहीत, नुसतं आम्ल दिलं की प्रोटॉन नायट्रोजनला जाऊन चिकटतात आणि साखळीतले इलेक्ट्रॉन आपोआप मोकळे होतात. बाकीच्या वाहक पॉलिमरमध्ये ही सोय अशी सरळ मिळत नाही. प्रदूषणाच्या कामाचं दारही इथूनच उघडलं, कारण जो पदार्थ आम्ल-अल्कली इतकं पटकन ओळखतो तो सेन्सर होणारच. शेवटच्या वर्षांत, टेक्सासला गेल्यावर, ते स्वतः शेतीच्या टाकाऊ मालापासून इंधन ह्या विषयात रमले होते. २००७ मध्ये वारले.

बनवतात कसं

आयुपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००२ मध्ये ह्याची एक ठरावीक कृती छापली, कारण प्रत्येक लॅबचं पॉलिॲनिलीन वेगळं निघत होतं. ॲनिलीन हायड्रोक्लोराइड २.५९ ग्रॅम ५० मिली पाण्यात, अमोनियम परसल्फेट ५.७१ ग्रॅम दुसऱ्या ५० मिलीत, दोन्ही एकत्र करून जरा ढवळायचं आणि सोडून द्यायचं. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं, मग द्रावण निळं पडायला लागतं, गडद होतं, बीकर हाताला गरम लागतो आणि बघता बघता हिरवा गाळ दिसायला लागतो. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी गाळायचं, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि ॲसिटोनने धुवायचं, ६० अंशांना सुकवायचं. पाच संस्थांमधल्या आठ जणांनी हीच कृती करून ५९ नमुने तपासले आणि वाहकतेची सरासरी आली ४.४, मागेपुढे १.७. हाताने केलेल्या पॉलिमरसाठी हा मेळ खरंच चांगला आहे.

अडचण पुढची. ही पावडर वितळत नाही आणि नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतही नाही. १९९२ मध्ये हीगर यांच्या गटाने कापरापासून मिळणारं सल्फोनिक आम्ल वापरून ती मेटा-क्रेसॉल ह्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवली, तेव्हा कुठे वाहक रूपातच नीट फिल्म ओतता यायला लागली.

आपल्याकडे ॲनिलीन ही काही लांबची गोष्ट नाही, रायगड जिल्ह्यात रसायनीची एचओसी, म्हणजे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी, नायट्रोबेंझीन आणि त्यापासून ॲनिलीन बनवायची.

पर्यावरणातली कामं

सगळ्यात आधी हवा. हिरव्या एमराल्डिनची पातळ फिल्म अमोनियाच्या वाफेत धरली की अमोनिया तिच्यातले प्रोटॉन ओढून घेतो, फिल्म निळी पडते आणि रोध वाढतो, अमोनिया निघून गेला की बऱ्याच अंशी पुन्हा हिरवी. म्हणजे डोळ्याला रंग दिसतो आणि मीटरला आकडा. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड केनर यांच्या गटाने ३० ते ५० नॅनोमीटर जाडीचे धागे बनवायची सोपी पद्धत दिली, दोन न मिसळणारे द्रव एकमेकांवर ठेवायचे आणि त्यांच्या सीमेवर पॉलिमर होऊ द्यायचं. अशा धाग्यांची फिल्म साध्या फिल्मपेक्षा खूप लवकर प्रतिसाद देते, कारण वायूला आत शिरायला जागाच जागा.

दुसरं पाणी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हे. क्रोम प्लेटिंगच्या टाकीत सहा-संयुजी क्रोमियम असतं, भोसरी-पिंपरीकडच्या छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये जॉब, म्हणजे मुलामा दिलेला भाग, टाकीतून काढून पाण्यात खंगाळतात तेव्हा तेच पिवळसर पाणी होऊन बाहेर येतं. हे रूप कॅन्सरकारक आणि पाण्यात सहज विरघळणारं, तर तीन-संयुजी क्रोमियम त्यामानाने खूप कमी घातक आणि चुना टाकला की खाली बसणारं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. नेहमीचा उपाय म्हणजे आम्लात सोडियम बायसल्फाइट टाकून सहाचं तीन करणं, पण त्यात रसायन दर वेळी नवीन लागतं.

इथे वाहक पॉलिमर उपयोगी पडतं. टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेत कृष्णन राजेश्वर यांच्या गटाने १९९३ मध्ये पॉलिॲनिलीनचंच सख्खं म्हणावं असं पॉलिपायरोल वापरून पाण्यातल्या सहा-संयुजी क्रोमियमचं तीन करून दाखवलं, आणि पुढे पॉलिॲनिलीनवरही असं काम झालं. पॉलिमर स्वतः इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिडाइझ होतं, क्रोमियम ते घेऊन रिड्यूस होतं, आणि इलेक्ट्रोडवर लेप असेल तर वीज देऊन पॉलिमर परत पहिल्यासारखं करता येतं. राजेश्वर आधीपासून विद्युतरसायनवालेच, त्यांनी मेक्सिकोच्या होर्हे इबान्येस यांच्याबरोबर १९९७ मध्ये पर्यावरणीय विद्युतरसायनावर पाठ्यपुस्तकही लिहिलं, आणि इलेक्ट्रोडवर काम करणारा माणूस सांडपाण्यापर्यंत कसा पोचतो ह्याचं हे उत्तम उदाहरण आहे. विशेष म्हणजे विल्यम पर्किन ह्या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग केला तो ॲनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेट टाकूनच, म्हणजे ॲनिलीन आणि क्रोमियमची ही देवघेव तेव्हापासूनची.

अर्थात कारखान्यात हे लावणं सोपं नाही. क्रिया आम्लातच नीट चालते, जास्त ऑक्सिडाइझ झालं तर साखळी कायमची तुटते, आणि बारीक पावडर नळीत भरली की पाणीच पुढे सरकत नाही, म्हणून लाकडाच्या भुश्श्यावर लेप चढवून वापरायचे प्रयोग झाले. न्यूट्रल पाण्यात वाहकता जाते ही तर पॉलिॲनिलीनची जुनीच खोड, पीएच ४ च्या वर गेलं की ती झपाट्याने घसरते.

तिसरं गंज. १९८५ मध्ये डेबेरी यांनी स्टेनलेस स्टीलवर पॉलिॲनिलीनचा थर दिला आणि स्टील गंधकाम्लात जास्त काळ टिकलं, कारण पॉलिमर पृष्ठभागावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकवून धरतं. गंजरोधक प्रायमरमध्ये क्रोमेट वापरायची जुनी रीत आहे, तिला हा पर्याय म्हणून बघितलं जातं.

स्वतःचं प्रदूषण

हे सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. ॲनिलीन विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहायची क्षमता मारतं, ओठ-नखं निळी पडतात. परसल्फेटच्या पद्धतीत अमोनियम सल्फेट भरपूर निघतं, शिवाय बाजूला बेंझिडिन तयार होऊ शकतं जे कॅन्सरकारक म्हणून पक्कं ठरलेलं आहे. पाणी साफ करायला वापरायचं पॉलिमर नीट न धुता टाकीत टाकलं तर आपणच पाण्यात विष सोडतोय, आणि पेपर लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे हे धुण्याचं पाणी मोजतात.

ह्यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे ॲनिलीनऐवजी दोन ॲनिलीन आधीच जोडलेल्या रेणूपासून सुरुवात करायची, म्हणजे बेंझिडिनचा धोका कमी. दुसरी १९९०च्या दशकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये सुकांत त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी दाखवली, हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातलं पेरॉक्सिडेज एन्झाइम आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून, तेही सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनच्या आधाराने, पाण्यात विरघळणारं पॉलिॲनिलीन. ऑक्सिडंटपासून मागे उरतं ते फक्त पाणी. पण एन्झाइम महाग पडतं आणि मोठ्या टाकीत ते टिकवायचं म्हणजे वेगळीच डोकेदुखी, त्यामुळे किलोने माल काढायचा असला की अजूनही परसल्फेटच वापरतात.