पोस्ट-पंक बँड आणि स्वतंत्र बँड: दोन वेगळे हिशेब

तालुक्याच्या गावांतही आता मोबाइलवर जुने ब्रिटिश बँड ऐकणारी मुले भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात पोस्ट-पंक बँड आणि स्वतंत्र बँड या दोन गोष्टी सर्रास एकच धरल्या जातात. पोस्ट-पंक ही संगीताची रीत आहे. पंकचा, म्हणजे साध्या, आक्रमक आणि गोंगाटी रॉकचा, पहिला धुमाकूळ ओसरल्यावर, साधारण १९७८ पासून पुढची काही वर्षे, ब्रिटनमधल्या तरुण वादकांनी गिटार बारीक आणि धारदार केली, चाल बास गिटारकडे सोपवली आणि फंक, डब व डिस्को या नाचऱ्या संगीतप्रकारांचे ठेके उचलले. स्वतंत्र असणे हा मात्र पैशाचा आणि मालकीचा मामला आहे: स्टुडिओचे भाडे कोणी भरले, मूळ टेप कोणाच्या मालकीची आणि तबकड्या दुकानापर्यंत कोणी पोहोचवल्या. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र तबकड्यांची वेगळी विक्री-यादी निघू लागली, तेव्हा तिची कसोटी वितरणाची होती. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून आलेली असली की पुरे, संगीत कोणत्याही जातकुळीचे चालत असे.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, वाचकाला हा फरक समजायला अवघड जाऊ नये. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक लागते. ते नाटक झाडीपट्टीच्या घाटाचे आहे की नाही, हा एक प्रश्न. आणि वडसा येथील कंपनीचा मालक कोण, गावच्या मंडळाने प्रयोग किती रुपयांत ठरवला, तिकिटे कमी खपली तर तोटा कोणाच्या अंगावर, हा अगदी दुसरा प्रश्न. मुंबईचा नट पाहुणा म्हणून आला तरी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

गोंधळ होण्याला कारण आहे. या दोन्ही गोष्टी एकाच काळात आणि बऱ्याचदा एकाच गावात वाढल्या. मँचेस्टरच्या बझकॉक्सने जानेवारी १९७७ मध्ये उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच प्रकाशन-नावाखाली, काढली आणि लंडनच्या कंपनीचे दार न ठोठावताही हे जमते, हे इतरांना दिसले. (त्याच वर्षी बझकॉक्सने युनायटेड आर्टिस्ट्स या बड्या कंपनीशी करार केला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.)

खरा फरक जॉय डिव्हिजन आणि गँग ऑफ फोर हे दोन पोस्ट-पंक बँड शेजारी ठेवले की कळतो. जॉय डिव्हिजनने १९७८ मध्ये पहिली छोटी तबकडी स्वतःच काढली आणि नंतर मँचेस्टरच्याच फॅक्टरी रेकॉर्ड्स या स्वतंत्र लेबलकडून जून १९७९ मध्ये ‘अननोन प्लेझर्स’ हा अल्बम आला. पहिल्या खेपेच्या १०,००० प्रती छापल्या गेल्या. फॅक्टरीचा व्यवहार असा की खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा आणि ध्वनिमुद्रणांची मालकी वादकांची. याहून स्वतंत्र काय असायचे? तरीही निर्माता मार्टिन हॅनेट यांनी स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत बँडचा रांगडा, कर्कश आवाज असा काही थंड आणि मोकळा करून टाकला की बँडचे गिटारवादक बर्नार्ड समनर आणि बासवादक पीटर हुक त्यावर नाराजच राहिले.

लीड्सच्या गँग ऑफ फोरची गोष्ट नेमकी उलटी आहे. भांडवलशाहीवर टीका करणारी गाणी रचणारा हा बँड पहिल्या छोट्या तबकडीनंतर थेट ईएमआय या बलाढ्य कंपनीत गेला, म्हणून त्या काळी त्यांना टोमणेही ऐकावे लागले. पण १९७९ च्या ‘एंटरटेनमेंट!’ या अल्बमच्या निर्मितीत ते स्वतः सहभागी होते आणि त्यातला कोरडा, तुटक आवाज त्यांना हवा होता तसाच आहे. त्याच वर्षी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ने गाण्यातल्या निरोधवाचक शब्दाला हरकत घेतली, तेव्हा शब्द बदलण्याऐवजी ते कार्यक्रम सोडून निघून गेले. माझ्या मते कलेच्या बाबतीत ते त्या वर्षी जॉय डिव्हिजनहून अधिक स्वतःच्या मनाचे धनी होते; टेप मात्र कंपनीची होती.

मालकीचा फायदा उशिरा दिसतो. १८ मे १९८० रोजी जॉय डिव्हिजनचे गायक इयन कर्टिस यांनी आत्महत्या केली, उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर हा नवा बँड उभा केला, आणि त्यांच्या कमाईतला मोठा वाटा १९८२ मध्ये उघडलेल्या हसिएंडा या क्लबमध्ये जिरला. १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली. ती विकत घ्यायला निघालेल्या लंडन रेकॉर्ड्सला कागद तपासताना कळले की टेपांवर फॅक्टरीचा हक्कच नाही, तो वादकांचा आहे. त्यामुळे कंपनीला सौदा बँडशीच करावा लागला.

एकाच बँडच्या कारकिर्दीत संगीताची जातकुळी कायम राहून मालक बदलत जातो, हे वायर या ब्रिटिश बँडकडे पाहून पटते. १९७७ ते १९७९ चे त्यांचे तिन्ही अल्बम ईएमआयच्या हार्वेस्ट या लेबलवर आले, पुढे ते म्यूट या स्वतंत्र लेबलवर गेले आणि २००० नंतर त्यांनी स्वतःचेच लेबल काढले.

आज ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत, मालकीने किंवा परवान्याने, हे शोधायचे असेल तर अ‍ॅपवर अल्बमच्या तळाशी, वर्तुळातल्या ‘पी’ या अक्षरापुढचे नाव वाचावे. ‘अननोन प्लेझर्स’खाली तिथे वॉर्नर म्युझिकचे नाव आहे.