कातड्याचा ट्रॅपर आणि शेपटीचा ट्रॅपर

गुडघ्याच्या वर जाणारे गमबूट, खांद्यावर लोखंडी सापळे, हातात पाण्यातून काढलेला केसाळ, मोठ्या दातांचा प्राणी. असा फोटो पाहिला की आपण एकतर ‘किती क्रूर’ म्हणतो, नाहीतर ‘निसर्गाचा समतोल राखतोय बिचारा’. फोटो कुठला, हे मात्र विचारत नाही. सापळे लावून प्राणी धरणारा हा ट्रॅपर कॅनडातल्या जेम्स बे किनाऱ्यावरच्या क्री आदिवासींपैकी असेल तर हातात बीव्हर आहे, आणि पुढच्या वर्षीही तिथं बीव्हर असावेत यावर त्याचं पोट आहे. अमेरिकेतल्या लुइझियानाचा असेल तर हातात न्यूट्रिया आहे, आणि तो प्राणी कमी व्हावा म्हणून सरकार त्याला पैसे देतंय.

प्राण्यांतही गल्लत होतेच. शेपटी पाहावी. बीव्हरची रुंद, चपटी, खवल्यांची; न्यूट्रियाची लांब, गोल, थेट उंदराची. हा बीव्हर मूळचा उत्तर अमेरिकेचाच. न्यूट्रिया फरसाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला.

क्री मुलखात सापळे लावायचा इलाखा कुटुंबागणिक ठरलेला असतो. त्याला ट्रॅपलाइन म्हणतात. अशा सुमारे ३०० आहेत. प्रत्येकीचा एक कारभारी, त्याचं नाव टॅलीमन. बीव्हरची किती घरं नांदती आहेत ते मोजायचं आणि त्यावरून यंदा किती धरायचे ते ठरवायचं, हे त्याचं मूळ काम. एखादा भाग थकलाय असं वाटलं तर तो काही काळ तसाच सोडायचा. काम हिवाळ्यात, कारण केस तेव्हाच दाट असतात. बीव्हर आपल्या घरातून साठवलेल्या फांद्यांकडे बर्फाखालून ये-जा करतो. बर्फाला भोक पाडून नेमक्या त्या वाटेवर सापळा उतरवतात. मग कातडं सोलायचं, चरबी खरवडायची, गोल कड्यावर ताणून वाळवायचं. मांस चुलीवर जातं. हाडं कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायची नाहीत, पाण्यात सोडायची किंवा झाडाला टांगायची. नाहीतर प्राण्याचा अपमान होतो आणि तो पुन्हा हाती लागत नाही, असं जुनी मंडळी मानतात.

हे वाचून ‘आदिवासी म्हणजे जन्मजात निसर्गरक्षक’ असा गोग्गोड निष्कर्ष काढू नये. हडसन्स बे कंपनी स्थापन झाली १६७० साली, आणि युरोपातल्या टोप्यांच्या फेल्टसाठी (केस दाबून केलेलं जाड कापड) तिनं बीव्हरची कातडी इतकी ओढली की कातडं हेच चलन झालं. १९२० च्या दशकात भाव चढले, बाहेरचे ट्रॅपर घुसले आणि जेम्स बेच्या आसपास बीव्हर जवळजवळ संपला. आपण सोडला तर दुसरा धरणार, हे दिसत असताना कोण थांबेल? कंपनीच्या तिथल्या रूपर्ट हाउस या व्यापारी ठाण्याचा व्यवस्थापक जेम्स वॉट आणि त्याची बायको मॉड यांनी जिवंत बीव्हर न मारण्यासाठीच क्री शिकाऱ्यांना पैसे दिले. पुढे १९३० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारकडून राखीव क्षेत्र मिळवलं. टॅलीमनची मोजणी त्या राखीव क्षेत्रांच्या काळातली. कुटुंबांचे इलाखे मात्र त्याआधीचे. ते पुन्हा मानले गेले तेव्हा बीव्हर परतला. संयम येतो तो हक्कातून, असं माझं मत. आपल्याकडच्या फासेपारध्यांच्या वाट्याला आधी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि नंतर १९७२ चा वन्यजीव कायदा. ट्रॅपलाइनसारखा हक्क कधीच नाही.

आता लुइझियाना. न्यूट्रिया तिथं १९३० च्या दशकात फर-फार्मसाठी आले आणि दलदलीत सुटले. टॅबॅस्को हा तिखट सॉस बनवणाऱ्या मॅकिलहेनींच्या नावावर सगळं बिल फाडायची पद्धत आहे, पण त्यांनी स्वतःच आपले न्यूट्रिया तिथल्याच आधीच्या एका फार्मवरून घेतले होते. १९७० च्या दशकात तिथले ट्रॅपर वर्षाला दहा लाखांहून जास्त कातडी विकत. म्हणजे तेव्हा हाही कातड्याचाच धंदा होता. १९८० च्या दशकात फरचा बाजार बसला, सापळे खुंटीला गेले आणि न्यूट्रिया मोकाट वाढले. हा प्राणी गवत मुळासकट खातो. मुळं गेली की दलदलीची माती सुटते, आणि तिथं उघडं पाणी उरतं.

म्हणून २००२ पासून सरकार शेपटीमागे पैसे देतं: आधी ४ डॉलर, मग ५, २०१९ पासून ६. शेपटी सात इंचांपेक्षा लांब हवी. संकलन केंद्रावर ती मोजून घेतात. वर्षाला चार लाखांपर्यंत मारायचं उद्दिष्ट आहे. बहुतेक जण आता सापळा लावतच नाहीत, होडीतून रायफलनं टिपतात. कातडं बरबाद झालं तरी कुणाचं काय जातं? पण न्यूट्रिया साफ संपले तर ही कमाईही संपते. शेपटीमागे पैसे घेणाऱ्यानं शेवटचा न्यूट्रिया शोधत हिंडावं, अशी अपेक्षाच भोळी आहे.

इंग्लंडनं हे ओळखलं होतं. ईस्ट अँग्लियात हाच प्राणी, कॉयपू या नावानं, १९२९ पासून फरसाठी आणला गेला आणि तसाच सुटला. १९८१ मध्ये तिथं २४ पगारी ट्रॅपर नेमले. कमाल मुदत दहा वर्षं. त्याआत प्राणी पूर्ण संपवला तर वर्षाच्या पगाराच्या तिप्पटपर्यंत बोनस, उशीर झाला की तो कमी होत जाणार. तराफ्यांवर गाजरं टाकून पिंजरे ठेवत, दुसरा प्राणी सापडला तर सोडून देत. १९८९ मध्ये काम फत्ते झालं. शेपट्यांचा हिशेब ठेवला असता तर कुणीतरी चार-दोन कॉयपू नक्की जपले असते.

क्रौर्याचा प्रश्न दोघांनाही लागू होतो, पण त्याचा फटका सारखा बसत नाही. युरोपीय समुदायानं १९९१ मध्ये पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदीचा नियम केला आणि तसे सापळे वापरणाऱ्या देशांच्या फरवरही निर्बंध घातले; १९९७ मध्ये कॅनडा व रशियाशी सापळ्यांच्या दर्जाबाबत करार झाला. फर विकून जगणाऱ्याला हे सगळं थेट लागतं. शेपटी विकणाऱ्याला फारसं नाही, त्याचं गिऱ्हाईक सरकार आहे. क्री कुटुंबांनाही आता निव्वळ कातड्यावर भागत नाही; सरकारशी झालेल्या १९७५ च्या जेम्स बे करारानंतर रानात काढलेल्या दिवसांनुसार पैसे देणारी योजना आली, म्हणून अनेकांचं रानातलं जगणं टिकलं.

लुइझियानात न्यूट्रियाचं मांस लोकांच्या ताटात यावं म्हणून सरकारनं नावाजलेले शेफ गाठले, पाककृती छापल्या. लोकांनी शेपटीकडे पाहिलं आणि नको म्हटलं.