बटाक खेड्यांबद्दल फिरणारा जुना मजकूर

"सुमात्राच्या डोंगरातले बटाक लोक आजही नरभक्षक आहेत, त्यांना अक्षरओळखही नाही." इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या या लोकांबद्दल असा मजकूर वर्षानुवर्षं फिरवला जातो.

तो खरा वाटण्याला कारण आहे. शत्रूला किंवा गुन्हेगाराला शिक्षा म्हणून नरमांस खाल्ल्याची वर्णनं १९व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवली. पण ती प्रथा डच राजवटीतच संपली. म्हणजे नरभक्षणाच्या दाव्यातला 'आजही' हा शब्द खोटा.

अक्षरओळखीचं म्हणाल तर बटाकांना स्वतःची लिपी आहे, ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे देवनागरीची नातलग. झाडाच्या सालीवर लिहिलेल्या त्यांच्या घडीच्या पोथ्या युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांची छायाचित्रं कुणालाही पाहता येतात.

आता खेडं बघा. उपग्रह नकाशावर बटाकांच्या प्रदेशातलं तोबा सरोवर उघडा आणि काठावरचं बालिगे हे गाव मोठं करा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर भातखाचरं, डांबरी रस्ते, घरांची दाटी दिसते. वरच्या उतारांवर कॉफी होते. लिंतोंग, सिदिकालांग ही इथल्या ठिकाणांची नावं कॉफीच्या पाकिटांवर सापडतील.

या गावांची खरी अडचण वेगळीच आहे, आणि कोकणातल्या माणसाला ती लगेच कळेल. वाट्याला येणारी जमीन थोडी, म्हणून मुलं शिकून मेदान, जकार्तासारख्या शहरांत जातात. शेतात राबायला वयस्कर माणसं उरतात. बाहेरून आलेल्या पैशातून धाकट्या भावंडांची फी भरली जाते, आणि पूर्वजांच्या सिमेंटच्या भव्य समाध्याही उभ्या राहतात.