चक्रवाल पद्धती

प्र·क्ष² + १ = य² या समीकरणाची पूर्णांकी उकल काढण्याची प्राचीन भारतीय रीत. प्र ही दिलेली धन, अवर्ग संख्या म्हणजे प्रकृती. क्ष हे कनिष्ठ पद, य हे ज्येष्ठ पद आणि १ च्या जागी येणारी संख्या म्हणजे क्षेप. समीकरणाच्या या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात.

पद्धतीचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) ती सविस्तर आल्यामुळे श्रेय दीर्घकाळ त्यांनाच दिले गेले. तथापि उदयदिवाकराच्या सुंदरी टीकेत (१०७३) जयदेव या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत असून त्यांत चक्रवाल आहे; कृपाशंकर शुक्ल यांनी ते १९५४ मध्ये उजेडात आणले. हा जयदेव (गीतगोविंदकार नव्हे) १०७३ पूर्वीचा, याहून नेमका काळ सांगणे धाडसाचे ठरेल. भास्कराचार्यही ‘चक्रवालमिदं जगुः’ असे अनेकवचनी लिहितात. तेव्हा निदान नाव तरी आधीपासून रूढ असावे. आपले आधार म्हणून मात्र ते ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचाच निर्देश करतात. ब्रह्मगुप्ताकडे (६२८) दोन उकलींपासून तिसरी घडवणारी ‘भावना’ आहे, चक्रवाल नाही. ग्रीक उगमाची फ्रेंच इतिहासकार टॅनरी यांची अटकळ पुराव्याअभावी स्वीकारार्ह वाटत नाही.

कोणत्याही सोयीच्या क्षेपापासून आरंभ करून, कुट्टकाने (एकघाती समीकरणांच्या पूर्णांकी उकलीच्या रीतीने) योग्य गुणक निवडून क्षेप लहान ठेवत जायचे, ही रीत. प्र = ६१ साठी ८² − ६१·१² = ३. आता गुणक असा हवा की त्यात ८ मिळवल्यास ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ घेतल्यास नवी पदे ५ व ३९ मिळतात : ३९² − ६१·५² = −४. क्षेप ±४ आला की ब्रह्मगुप्ताच्या सूत्रांनी काम संपते : क्ष = २२६१५३९८०, य = १७६६३१९०४९. फेर्मा यांनी १६५७ मध्ये हीच ६१ संख्या आव्हानादाखल दिली होती. ऑयलर यांच्या गैरसमजामुळे युरोपात समीकरणाला पेल यांचे नाव चिकटले. उकल नेहमी असतेच, ही सिद्धता लाग्रांज यांची.

वक्राच्या भाषेत हे समीकरण अपास्त (हायपरबोला) आहे आणि भावना ही त्यावरील पूर्णांक बिंदूंची गट-क्रिया, म्हणजे दोन बिंदूंपासून तिसरा देणारी, बेरजेसारखी उलटवता येणारी क्रिया. चिन्ह सोडल्यास सारे बिंदू एकाच बिंदूपासून निपजतात. विवृत्तीय वक्रांवर (य² = क्ष³ + अ·क्ष + ब अशा समीकरणांचे वक्र; विवृत्ते नव्हेत) असाच बिंदुयोग जीवा व स्पर्शिकांनी होतो, आणि तेथील परिमेय बिंदू सांत (मर्यादित) संख्येच्या बिंदूंपासून निर्माण होतात हे मॉर्डेल यांनी १९२२ मध्ये दाखवले. पूर्णांक बिंदू मात्र अशा वक्रावर सांतच असतात (झीगेल, १९२९).