मुक्काम सोलापूर : नटांची आत्मचरित्रे आणि रंगभूमीचा लिखित इतिहास

विष्णुदास भावे यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगविले आणि पुढे 1885 मध्ये आपल्या ‘नाट्यकवितासंग्रहा’च्या प्रस्तावनेत त्या उद्योगाची हकीकत स्वतःच सांगितली. मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनाचा उगम असा खुद्द कर्त्याच्या निवेदनात आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे (पौराणिक कथांवर नाट्यखेळ करणाऱ्या कलावंतांचे) खेळ पाहून सांगलीकर अधिपतींना मराठी नाटकाची इच्छा झाली, हा या इतिहासाचा प्रारंभबिंदू कन्नडशी रोजचा शेजार असलेल्या सोलापूरकराने विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचे ‘मराठी रंगभूमि’ 1903 मध्ये आले. त्या काळी नाटक म्हणजे मंडळी, म्हणजेच गावोगाव फिरणारी नाटक कंपनी, त्यामुळे त्यातील कथनही मुख्यतः मंडळ्यांच्या अंगाने जाते. कोणती मंडळी कोणी काढली, ती का फुटली, कोणता नट कोठे गेला, हे त्यात सापडते. नटाचे मन मात्र फारसे सापडत नाही. ती उणीव नटांनी लेखणी हाती घेतल्यावर भरून निघाली. ‘एकच प्याला’तील सुधाकर गाजविणाऱ्या गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. चिंतामणराव कोल्हटकर यांच्या ‘बहुरूपी’ला 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘बहुरूपी’चे मोल माझ्या मते कोणत्याही इतिहासग्रंथाहून कमी नाही, कारण तालमी, बिऱ्हाडे, कर्ज आणि भागीदारांतील रुसवेफुगवे यांचे जे ज्ञान त्यात आहे ते केवळ कागदपत्रांतून मिळण्याजोगे नव्हे. श्री. ना. बनहट्टी यांनी 1843 ते 1879 या कालखंडाचा संशोधनपूर्वक इतिहास 1957 मध्ये सिद्ध केला, तेव्हा मंडळ्यांचे युग सरून गेले होते.

सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये पोहोचली आणि पुढे कापडगिरण्यांमुळे येथे रोख मजुरी मिळविणारा मोठा कामगारवर्ग जमला. फिरत्या मंडळ्यांना पडदे, पेट्या आणि माणसे हलविण्यासाठी रेल्वे हवी होती आणि तिकीट काढणारा प्रेक्षकही हवा होता. सोलापुरात दोन्ही होते. तरीही नटांच्या आठवणींत असे गाव बहुधा मुक्काम म्हणूनच येते. प्रयोग कसा झाला, उत्पन्न किती पडले, पुढची गाडी कोणती, एवढ्यावर लेखक पुढे निघतो. त्यात त्याचा दोष नाही. पण मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारा प्रेक्षक ज्या गावात होता, त्या गावाची रुची केवळ पाहुण्याच्या नजरेतून कळणार नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातील सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या बहुभाषिक लावण्या या मिश्र रुचीची साक्ष फार आधीपासून देत होत्या.

स्त्री कलावंतांच्या बाबतीत हे मौन अधिक लांबले. राम जोशींवरील 1947 च्या चित्रपटात नायिकेची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ 1970 मध्ये पुस्तकरूपाने आले, तेही शब्दांकनाच्या मार्गाने. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे जीवनही दुसऱ्याच्या लेखणीतून वाचकांपर्यंत पोहोचले. तमाशाच्या फडावर आयुष्य घालविलेल्या स्त्रियांना लिहिण्याची सवड आणि शिक्षण मिळाले नाही, हे त्याचे उघड कारण आहे. प्रतिष्ठित रंगभूमीच्या इतिहासाने तमाशाला दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले, हे दुसरे.

‘कट्यार काळजात घुसली’मधील झरीना साकारणाऱ्या फय्याज सोलापूरच्या; ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक जब्बार पटेल यांचे शालेय शिक्षण येथील हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. ही नावे पुण्या-मुंबईच्या रंगभूमीच्या इतिहासात नोंदली जातात, पण त्यांना घडविणाऱ्या शाळांतील स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील मेळे आणि हौशी संस्था यांचा वृत्तान्त जमवायचा तर ‘कल्पतरू’सारख्या येथील जुन्या वृत्तपत्रांच्या फायली, नाटकांची हस्तपत्रके आणि कन्नड कंपन्यांच्या नटांच्या आठवणी एकत्र ठेवून वाचाव्या लागतील.