हवाई कारवायांची कमांड अँड कंट्रोल यंत्रणा : आधुनिकीकरण

कुठलं विमान कधी, कुठून आणि कशासाठी उडणार, हवेत त्याला इंधन कोण देणार, वाटेत आपल्याच क्षेपणास्त्रवाल्यांनी त्याला पाडू नये म्हणून काय करायचं, हे सगळं ठरवणारी माणसं, त्यांची ऑपरेशन्स रूम, रडार, रेडिओ आणि कॉम्प्युटर मिळून ही यंत्रणा होते. आधुनिकीकरण म्हटलं की लोकांना नवं सॉफ्टवेअरच आठवतं, पण माहिती आधी कोणाकडे जाणार आणि निर्णय कोण घेणार हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

उगम कुठला यावर मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी ब्रिटनच्या ह्यू डाउडिंगचं नाव येतं, १९३६ साली फायटर कमांड (ब्रिटिश हवाई दलाची लढाऊ विमानांची शाखा) स्थापन झाली आणि तो तिचा पहिला प्रमुख, त्यामुळे यंत्रणेलाही त्याचंच नाव चिकटलं. दुसरा पक्ष म्हणतो की खरा पाया ब्रिटिश सेनाधिकारी एडवर्ड अ‍ॅशमोरने घातला, १९१७ पासून लंडनच्या हवाई संरक्षणासाठी त्याने निरीक्षक, टेलिफोन लाइनी आणि चौकटी आखलेला मोठा नकाशा यांची साखळी उभी केली, विमान दिसल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात नकाशावर सोंगटी पडायची असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं (स्वतःचं म्हणजे थोडं सांभाळूनच घ्यावं). टेबल, सोंगट्या, टेलिफोन हे सगळं आधीच होतं हे बघता दुसरा पक्ष जास्त पटतो. मात्र फेब्रुवारी १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्रीत रेडिओ लहरींनी विमान हेरण्याचा प्रयोग झाला, त्यानंतर रडार आलं आणि त्यासोबत एक नवी भानगड आली, ती सोडवायचं काम अ‍ॅशमोरच्या साखळीला जमलं नसतं.

भानगड अशी की चेन होम (ब्रिटनच्या किनाऱ्यावरची रडार स्टेशनांची साखळी) अंतर बऱ्यापैकी सांगायचं पण दिशा कच्ची द्यायचं, म्हणजे विमानांची एकच टोळी दोन स्टेशनांना दोन जागी दिसणार. मग बेंटली प्रायरीच्या, म्हणजे फायटर कमांडच्या मुख्यालयातल्या, फिल्टर रूममध्ये दोन स्टेशनांच्या अंतरांचे कंस काढून ते जिथे छेदतील ती जागा धरायची आणि अशी चाळलेली माहितीच खाली ग्रुप आणि सेक्टर या प्रादेशिक केंद्रांना पाठवायची. किनाऱ्याच्या आत आलेलं विमान या रडारला दिसायचं नाही, तिथे पुन्हा ऑब्झर्व्हर कोअरच्या जमिनीवरच्या निरीक्षकांची डोळे-दुर्बीणच. माहिती किती शिळी आहे हे कळायला घड्याळाचे पाच-पाच मिनिटांचे भाग लाल, पिवळे, निळे रंगवलेले असायचे आणि नकाशावरचे बाण त्याच रंगाचे. हल्लीच्या डेटा लिंकमधला (विमानं आणि केंद्रं जोडणाऱ्या रेडिओ जाळ्यातला) टाइमस्टॅम्प वेगळं काय करतो!

कॉम्प्युटर आला तो अमेरिकेच्या सेज या हवाई संरक्षण यंत्रणेतून, पहिलं केंद्र १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या मॅग्वायर तळावर सुरू झालं. मशीनचं वजन सुमारे २५० टन सांगतात, व्हॅक्यूम ट्यूबचा आकडा मात्र ४९ हजारांपासून ६० हजारांपर्यंत काहीही छापलेला सापडतो. गंमत म्हणजे बॉम्बर विमानं अडवायला बांधलेली ही यंत्रणा सुरू होईपर्यंत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचा जमाना लागला होता, तरी ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालवली.

हल्ल्याच्या नियोजनात मुख्य कागद म्हणजे एअर टास्किंग ऑर्डर, कुठल्या विमानाने त्या दिवशी काय करायचं याचा हुकूम. उद्दिष्ट ठरवण्यापासून परिणाम तपासण्यापर्यंतचं तिचं चक्र साधारण ७२ तासांचं, म्हणून एकाच वेळी अनेक दिवसांच्या ऑर्डरी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. १९९१ च्या आखाती युद्धात ही ऑर्डर कित्येकशे पानांची व्हायची आणि नौदलाच्या विमानवाहू जहाजांकडे ती घेण्यालायक संपर्क यंत्रणा नव्हती, तेव्हा विमानाने हातोहात पोचवावी लागली. १९९४ चं उदाहरण याहून वाईट, उत्तर इराकमध्ये अमेरिकेच्याच एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ माणसं गेली. देखरेखीला अवॅक्स हे रडारवालं विमान हवेत होतं, पण हेलिकॉप्टरं आणि लढाऊ विमानं वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होती आणि ओळख पटवायचे कोडही जुळत नव्हते.

२००० साली अमेरिकी हवाई दलाने एअर ऑपरेशन्स सेंटरलाच (जिथून हवाई मोहीम चालवतात ते केंद्र) शस्त्रप्रणालीचा दर्जा दिला, नाव फाल्कनर. त्याची १०.२ क्रमांकाच्या आवृत्तीची मोठी सुधारणा रखडत गेली, खर्च फुगत गेला आणि २०१७ मध्ये ते कंत्राटच बंद केलं. त्याच सुमारास कतारमधल्या अल उदेद केंद्रात हवेत इंधन भरणाऱ्या टँकरांचं वेळापत्रक व्हाइटबोर्डवर हाताने मांडलं जात होतं, त्यासाठी छोटंसं सॉफ्टवेअर काही महिन्यांत तयार झालं आणि केसेल रन ही हवाई दलाची सॉफ्टवेअर शाखा याच धाटणीवर उभी राहिली. सगळं एकदम बदलण्यापेक्षा एकेक तुकडा, तोही वापरणाऱ्याच्या शेजारी बसून लिहायचा, ही पद्धत सरस दिसते, फक्त जुने तुकडे आणि नवे तुकडे एकमेकांशी बोलते ठेवायचं काम त्यात वाढतं आणि सुरक्षा परवानग्यांचा वेळ काही फार कमी होत नाही.

नाटोच्या स्वतंत्र यंत्रणेचं काम १९९० च्या दशकात सुरू झालं, तेही वेळेत झालं नाही.

अलीकडचा कल केंद्र विखरून ठेवण्याकडे आहे, कारण एवढी मोठी इमारत म्हणजे शत्रूला आयतं लक्ष्य. सप्टेंबर २०१९ मध्ये अल उदेदचं काम एक दिवस साउथ कॅरोलायनातल्या शॉ तळावरून चालवून पाहिलं. अमेरिकी हवाई दलाच्या २०२१ च्या युद्धसिद्धांतात 'केंद्रित नियंत्रण, विकेंद्रित अंमलबजावणी' या जुन्या सूत्राच्या जागी केंद्रित कमांड, विखुरलेलं नियंत्रण आणि विकेंद्रित अंमलबजावणी असं तीन पायऱ्यांचं सूत्र आलं, म्हणजे संपर्क तुटला तर खालच्या अधिकाऱ्याने वरिष्ठाचा हेतू धरून पुढे जायचं, पण त्याला नेमके किती अधिकार आधीच देऊन ठेवायचे हे प्रत्येक मोहिमेत वेगळं ठरवावं लागतं.